ओढणीतली सुई

"चाची, अंगावर धातूचं काहीच नको," अकोल्याच्या दवाखान्यात मशीन चालवणारी अदिती म्हणाली. कानातलं, पैंजण, केसांतल्या पिना, सगळं काढून झालं होतं. तरी तिनं रजियाबीच्या खांद्यावरून हात फिरवला आणि थबकली. ओढणीच्या काठात बोटभर लांब सुई होती, दोरा ओवलेली.

"हे कोनं लावली?"

"मी," मी म्हणालो.

आम्ही नवरा-बायको तेल्हाऱ्याचे गादीवाले. मी कापूस पिंजायचो, रजियाबी टाके घालायची. तिला जवळचं कमी दिसायचं, म्हणून तीस वर्षं रोज सकाळी मी सुई ओवून तिच्या ओढणीत खोचत आलो. लकव्यानं तिचा उजवा हात गेला. माझी सवय गेली नाही.

"चाचा, चुंबकाचं मशीन हाये हे! झटक्यानं सुई मानेत घुसली असती म्हंजे?"

"इनको मत डांटो, बेटी," रजियाबी अडखळत म्हणाली. "आदत है इनकी."

अदितीनं एक जाड वेटोळं तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलं. मी घाबरलो.

"डोक्यात करंट सोडून राहिली का तू?"

"नाही हो. करंट या वेटोळ्यातच फिरते. त्याच्यानं क्षणभर चुंबक तयार होते. त्याचा जोर हाडातून आत जाते अन् मेंदूत बारीकशी वीज उठवते. हात हलवायची जागा सुस्त पडली, तिले जागी करून पाहू. पन हमी नाही, चाचा. व्यायाम बी करा लागन."

मला ते माझ्या धंद्यातून कळलं. त्या दुष्काळी वर्षांत कापसाचं पीकच नव्हतं, नवी गादी कोणी भरत नव्हतं. लोक जुनीच पिंजून घ्यायचे. जुना कापूस दबून दगड होतो, पण मेलेला नसतो. पिंजणाची तार त्यात थरथरली की मोकळा होतो.

टक्. टक्. टक्.

"अंदर भी कोई पिंजारा बैठा है क्या?" रजियाबी म्हणाली, आणि तिचा अंगठा उडाला. आठ महिन्यांनी. तिघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

महिनाभर आम्ही एसटीनं अकोल्याला जात होतो. घरी ती वाटीतले हरभरे एकेक उचलायची. मूठ पूर्ण वळलीच नाही, पण चिमूट आली. चिमटीत सुई धरून तिनं पहिली शिवली ती अदितीच्या मशीनपुढच्या खुर्चीसाठी लहानशी उशी. टाके वाकडे पडले.

"उसवून देऊ का?" मी विचारलं.

"रहने दो. मेरे हैं."

त्यानंतर दीड वर्ष तिनं टाके घातले. मग एका सकाळी हृदय थांबलं. दीड वर्ष मिळालं, त्यासाठी कोणाकोणाचे आभार मानू?

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर अदितीला सांगायला अकोल्याला गेलो. ऐकून तिनं माझा हात धरला. खुर्चीत एक म्हातारी बसली होती. मानेखाली तीच उशी.

अदिती डोळे पुसून तिच्याकडे वळली. "मावशी, पदरात सुई-पिन नाही ना? नीट पाहा." मग मला म्हणाली, "आता सगळ्यायले इचारतो, चाचा. चाचीपासून."

माझा हात कॉलरकडे गेला. सकाळी सवयीनं ओवून खोचलेली सुई तिथं होती.

मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. तिथूनही त्या म्हातारीचा अंगठा दिसत होता.