न उघडलेल्या पुस्तकावरचे सत्तावीस अभिप्राय

मी एक जुनी अभिप्राय-वही आहे. परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावाच्या वाचनालयात राहते. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्याच मला बंबात घालतील.

मित्रांनो, माझा जन्म परभणीच्या एका बाइंडरकडे झाला. दोनशे पानं, जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड. वाचनालयाचा नियम सोपा होता. पुस्तक परत देताना माझ्यात त्यावर दोन ओळी लिहायच्या, मगच नवं पुस्तक मिळणार. दर शनिवारी ग्रंथपाल नीलम त्या ओळी सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायची आणि लोक त्यावरून पुढचं पुस्तक ठरवायचे. ते दिवस सुखाचे होते. महारुद्र टेलरनं एका कादंबरीवर लिहिलं होतं, "पहिली शंभर पानं सोडून द्या, मंग मजा हाय." त्यावरून तासभर भांडण झालं. पाथरीहून आलेल्या एका पाहुण्यानं माझी पानं चाळून, अशी वही आमच्याकडे हवी होती, असं म्हटलं. मी फुगून गेले होते.

मग लोकांना पळवाट सापडली. 'छान.' 'उत्तम.' 'संग्रही ठेवावे असे.' पुस्तक जसं नेलं तसं परत आणायचं आणि माझ्यात थापा लिहायच्या. वहीला तोंड नसतं म्हणून काहीही खपवायचं का?

अशात वाचनालयाचे अध्यक्ष दत्तराव अण्णा यांनी आत्मचरित्र छापलं. छापखान्यात त्याच्या कडा कापायच्या राहिल्या होत्या. पानं एकमेकांना जुळलेली. पातं लावल्याशिवाय आतलं दिसणारच नाही. तरी सत्तावीस जणांनी ते नेलं, आणलं आणि लिहिलं, 'अप्रतिम'. अण्णांनी त्या पानाचा फोटो काढून गावभर मोबाइलवर फिरवला.

अठ्ठाविसावी मनकर्णाबाई. कापूस वेचणारी, पन्नाशीत अक्षर शिकलेली. तिनं विळीनं एकेक पान कापलं आणि पुस्तक वाचलं. मग माझं कोरं पान उघडून अर्धा तास वाकून लिहिलं:

"पान सत्तेचाळीसवर माझं नाव हाय. अण्णांनी मला वाचायला शिकवलं असं लिवलंय. मला माझ्या सुनेनं, राजेश्रीनं शिकवलं, खताच्या पोत्यावरची अक्षरं दाखवून. पुस्तक खोटं हाय. नेऊ नका."

शनिवार आला. नीलमनं हे मोठ्यानं वाचून दाखवलं. अण्णा पुढच्याच खुर्चीत होते. त्यांनी शांतपणे बाकीच्यांना विचारलं, "तुमी समद्यांनी वाचलंय. तसं लिवलंय का कुठं?"

पुस्तक टेबलावरच होतं. उघडून बघायला किती वेळ लागतो? कुणी हात लावला नाही.

"न्हाई अण्णा," महारुद्र म्हणाला. "आमाला तर तसं काई दिसलं न्हाई."

"दिसंल कसं महारुद्रा," मनकर्णाबाई म्हणाली. "पानं तर मी कापलीत."

अण्णांनी नीलमला पान फाडायला सांगितलं. तिनं शाई खराब होईल, शिवण उसवेल, असं काहीबाही पुटपुटून पाहिलं. मग अण्णा मनकर्णाबाईकडे वळले. समजुतीनं बोलले. नवीन पानावर फक्त 'छान' लिही आणि कपाटातलं हवं ते पुस्तक घेऊन जा, एवढंच त्यांचं म्हणणं.

समुद्रप्रवासाचं एक जाड पुस्तक होतं. चार महिने तिचा त्याच्यावर डोळा होता. तिनं कपाटाकडं पाहिलं. मला वाटलं, लिहिणार.

"ते पुस्तक मला लय पायजे, अण्णा," ती म्हणाली. "पर सुनंचं नाव पुसून तिथं तुमचं कामून लिवू?"

ती रिकाम्या हातानं गेली. नीलमनं माझं पान फाडलं. फाडताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

त्याला तीन आठवडे झाले. मनकर्णाबाई परत आली नाही. आज दुपारी महारुद्र एकटाच आला. अण्णांचं पुस्तक मागून घेतलं, बाकावर बसला आणि बोट ठेवून सत्तेचाळिसावं पान वाचलं. मग मला उघडून स्वतःचं 'अप्रतिम' खोडलं आणि खाली लिहिलं, "हे मी न वाचता लिवलं होतं. मनकर्णाबाईचं खरं हाय." नीलमनं ते पाहिलं. तिनं मला ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

उद्या शनिवार आहे. ती हे मोठ्यानं वाचते की पुन्हा फाडते, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, माझी धूळही झटकू नका. वाळवी लागली तर लागू द्या. मला हात लावायचा तर आधी पुस्तक उघडा. आवडलं नाही तर तसं लिहा, अर्धंच वाचलं तर अर्धं लिहा. तेवढं जमत नसेल तर पेनाचं टोपण लावा आणि घरी जा.