न वाजलेला अलार्म

अपेक्षाला जाग आली ती अलार्मने नाही, लघवीला लागली म्हणून. तेवढ्यानेच त्या रात्री अवनी वाचली.

परत येताना तिने सवयीने लेकीच्या कपाळाला हात लावला, तर कपाळ ओलंचिंब. उशी ओली, पाठ ओली. "अवनी! ए अवनी!" पोरगी काहीतरी असंबद्ध पुटपुटली. अपेक्षाने घाईघाईने तिच्या बोटाला सुई टोचून थेंब काढला. साखर अठ्ठेचाळीस! सत्तरच्या खाली गेली की अवनीच्या दंडावरच्या सेन्सरने अपेक्षाच्या फोनला कळवायचं आणि फोनने बोंब मारायची, एवढंच त्या दोघांचं काम. आणि फोन उशाशी ढिम्म पडलेला. साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजताना निम्मं गादीवर सांडलं.

नऊ वर्षांची पोर. दोन वर्षांपूर्वी तिला टाइप वन डायबिटीस निघाला आणि धायरीतल्या त्या फ्लॅटमध्ये रात्र म्हणजे पहारा झाला. अवनीचा बाप केदार हिंजवडीत रात्रपाळीला, म्हणजे पहारा अपेक्षाचाच. सासरे बापूराव घरात होते, पण त्यांना ऐकू येतं ते त्यांच्या सोयीचं. मंडईजवळचं सुतळी-दोरखंडाचं दुकान बंद करून ते निवृत्त झाले होते आणि फोनमधलं मला सगळं कळतं, अशी त्यांची अलीकडे समजूत झाली होती.

महिन्याभरात हे तिसऱ्यांदा झालं. बरं, रोज होत असतं तर कळलं तरी असतं. कधी झोपताना साखर उतरली की हाच फोन असा कोकलायचा की खालच्या मजल्यावरचे लोक उठावेत. कधी पहाटे नीट वाजायचा. आणि मध्येच एखाद्या रात्री तोंडाला कुलूप! पार बिघडलेली वस्तू परवडली, निदान फेकून देता येते. मनाला येईल तेव्हा दगा देणाऱ्या वस्तूचं काय करायचं माणसाने?

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमच्याकडून अलार्म गेलेला दिसतोय. तुमचा मोबाईल सायलेंटवर नव्हता ना?"

"अहो, माझी पोर मरता मरता वाचलीये. मी फोन सायलेंटवर ठेवीन?"

"नाही मॅडम, विचारावं लागतं."

तिने बॅटरी वाचवण्याचं सेटिंग काढलं, ब्लूटूथ तपासलं, ॲप उडवून पुन्हा टाकलं. संध्याकाळी चाचणी म्हणून अलार्मची मर्यादा सत्तरवरून थेट दीडशेवर नेली, तर फोन लगेच किंचाळला. केदार बूट घालत होता. तो म्हणाला, "बघ, चालतोय की. तू ना, जरा जास्तच टेन्शन घेतेस."

"मग आजपासून तू घे. टाक रजा आणि बस जागत."

केदार नाडी बांधून निघून गेला.

त्या रात्रीपासून अपेक्षाने यंत्रावरचा विश्वासच काढून घेतला. ती खुर्ची घेऊन लेकीच्या पलंगाशी बसायला लागली. बसून बसून किती बसणार? आठवड्याभरात तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. चहात मीठ पडलं, गॅस तसाच चालू राहिला. पण तिची खरी गाळण उडाली ती जेवणाआधी इन्सुलिनचं पेन हातात असताना. अवनीने पेनवरचा आकडा पाहिला आणि पोटावरचा शर्ट खाली ओढला. "आई, आठ नाही. चार."

अपेक्षाने पेन खाली ठेवलं. झोपले तर अलार्म वाजत नाही, आणि जागले तर माझ्याच हातून मरेल ही. तिला इतकी भीती जन्मात वाटली नव्हती.

बापूरावांनी ते दारातून पाहिलं होतं. जेवणं झाल्यावर ते आले. "तू आता पड जरा. फोन माझ्याकडे दे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ते लोनवाले, ते कुरिअरवाले झोपू देतात का तुला? म्हणून तर मागच्या महिन्यात तुझ्या फोनला मी गप्प बसायला लावलं होतं. पण काडीचा उपयोग नाही हो. दुपारभर ठणाणा चालूच."

अपेक्षा उठून उभी राहिली. "गप्प बसायला म्हणजे काय, बाबा? काय केलंत नेमकं?"

"हे बघ ना." त्यांनी ऐटीत तिच्या फोनचं सेटिंग उघडून दाखवलं. रोज, आपोआप, सगळे आवाज बंद. एक ते चार. आणि आकड्यांपुढे बारीक अक्षरांत एएम.

रात्री घाबरून फोन उघडल्यावर वर कोपऱ्यात तिला एक इवलीशी चंद्रकोर दिसायची. रात्र आहे, म्हणून चंद्र असेल, असं ती समजली होती; ती फोन गप्प असल्याची खूण होती. सकाळी तपासायला घ्यावं तर चंद्रही नाही आणि काही नाही.

"बाबा, हे रात्रीचं लागलंय."

"रात्रीचं कसं लागेल? एक ते चार घातलंय मी."

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! उभा जन्म त्यांच्या दुकानावर पाटी होती, 'एक ते चार बंद'. दुपारी हा शब्द घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. एखाद्याने विचारलंच, तर ते "आपण पुण्यात नवीन का?" असं विचारून फळी लावून घ्यायचे. फोनवाल्यांना पुण्यातलं एक ते चार ठाऊक नव्हतं, एवढंच.

पण हे सगळं सुचायला अपेक्षाचं डोकं ठिकाणावर कुठे होतं? "कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्या फोनला हात लावायला?" ती ओरडली. लग्न झाल्यापासून तिने सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता. "विचारलंत मला? एका शब्दाने विचारलंत? मेली असती माझी पोर!"

बापूरावांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "म्हणजे त्या तिन्ही वेळा..." ते पलंगाच्या कडेवर टेकले. "तुझा जरा डोळा लागला की मेला फोन वाजायचा. मला बघवत नव्हतं गं."

या घरात आपण झोपतो की जागतो, हे कुणी बघत असेल असं अपेक्षाला कधी वाटलंच नव्हतं. आता एवढा राग घेऊन जायचं कुणाकडे? ती ओक्साबोक्शी रडली.

ते सेटिंग तिने तिथल्या तिथे उडवलं. ॲपला फोन गप्प असतानाही वाजायची परवानगी दिली. पण संध्याकाळच्या चाचणीने एकदा फसवलं होतं, आता खरी परीक्षा रात्रीच व्हायला हवी होती. एक वाजून गेल्यावर दोघं अवनीच्या पलंगाशी बसली. अपेक्षाने मर्यादा वर नेली आणि फोन चादरीवर ठेवला. काहीच होईना. बापूरावांचे ओठ हलत होते, कुठलं स्तोत्र म्हणत होते कोण जाणे.

आणि फोन किंचाळला.

"आई, बंद कर ना तो!" अवनी डोळे मिटूनच वैतागली आणि कुशीवर वळली. अपेक्षाने तो मुद्दाम थोडा वेळ वाजू दिला. मग तिने मर्यादा परत सत्तरवर आणली आणि नीट तपासून घेतली.

"झोप आता तू," बापूराव म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. "फोन दे इकडे. मी जागतो."

अपेक्षाचा हात निम्म्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. "बाबा, आता राग नाही माझा. पण फोन नाही द्यायची."

"देऊच नकोस." त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. "मला नुसतं बसू दे इथं."

तिने फोन स्वतःच्या उशाखाली सरकवला, त्यांना पाठीला लोड दिला आणि लेकीच्या शेजारी आडवी झाली.