कापडवाला आणि कावळा

बापू मेला की जिवंत आहे, या प्रश्नावरून आपलं लग्न मोडू शकतं असं कुणी सांगितलं असतं, तर उत्कर्षानं त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग डॉक्टरकडे पाठवलं असतं. बापू तिच्या नात्यातला नव्हता, गावातलाही नव्हता. ‘उरले ते’ नावाच्या मालिकेत जग संपतं, आणि एका आटलेल्या धरणाच्या पोटात मूठभर माणसं तग धरून राहतात. त्यांचा हा म्होरक्या. पहिल्या सीझनच्या शेवटी त्याचं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं प्रेत दाखवलं, तोंड काही दाखवलं नाही, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या तमाम रिकामटेकड्यांच्या हाताला काम मिळालं.

या रिकामटेकड्यांचे पुढारी म्हणजे उत्कर्षाचे वडील, आबासाहेब. सोलापूरच्या नव्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी त्यांचा एक डोळा मोबाइलवर. उत्कर्षाच्या आईनं, वैजयंतीबाईंनी, ती मालिका एकदाच पाहिली. आठ दिवसांनी पाणी आलं म्हणून नायिका ढसाढसा रडत होती. ‘रडतीस काय, आधी बादल्या भर की,’ असं टीव्हीला सुनावून त्या ज्या उठल्या, त्या परत त्या वाटेला गेल्या नाहीत.

आबासाहेबांचा सिद्धांत कापडावर उभा होता. त्यांच्या दुकानात वडिलांपासूनची एक रीत होती. अंगात घालायचं, अंथरायचं, पांघरायचं कापड कात्रीनं कापायचं. मयताच्या कापडाला मात्र कात्री लावायची नाही, ते हातानं टर्रकन फाडून द्यायचं. आता बापूचं ते दृश्य त्यांनी थांबवून, मोठं करून, चष्मा लावून आणि काढून पाहिलं होतं. कापडाची कड फाटलेली होती, दोरे लोंबत होते. म्हणजे देणाऱ्यानं मयतासाठीच दिलं होतं. म्हणजे बापू मेला, विषय संपला. हे त्यांनी यूट्यूबवर प्रत्येक व्हिडिओखाली लिहिलं, तेही दुकानाच्या नावानं, आणि खाली न चुकता ‘चादर, टॉवेल, मांजरपाट होलसेल भावात मिळेल’ अशी पुस्ती जोडली. लोक त्यांना कापडवाला म्हणू लागले. या पदवीचा त्यांना पोरीच्या एम.एस्सी.पेक्षा जास्त अभिमान होता.

कापडवाल्याला त्या गर्दीत एकच माणूस पुरून उरला होता, आणि तो माणूस म्हणजे करमाळ्याची एक सत्तरी ओलांडलेली बाई होती, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक उत्कर्षा आणि दुसरा शिवराज.

शिवराज बार्शीत बियाण्यांच्या कंपनीत, कंपनीच्या कामानं सारखा सोलापूरला; उत्कर्षा बार्शीच्या कॉलेजात शिकवायला. एसटीत ओळख झाली आणि पुढं जे व्हायचं ते झालं. घरी सांगायची छाती दोघांनाही नव्हती. म्हणून त्यांनी उत्कर्षाच्या सिद्धनाथमामाला हाताशी धरला, म्हणजे त्याला कळू न देता धरला. आपणच हे स्थळ शोधून काढलं अशा थाटात मामानं दोन्ही घरी शब्द टाकला. पोरं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत असं भासवायचं, ही दोघांनी आपसात घातलेली अट होती.

शिवराजची आजी वच्छलाबाई. मालिका ती नातवाच्या मोबाइलवर बघे आणि कापडवाल्याला उत्तरं नातवाकडूनच लिहून घेई. तिच्या शिव्या गाळून शिवराज फक्त मुद्दा टाइप करी. मुद्दा असा, की मालिकेत बापूच्या दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवलाच नाही. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवत नसतो. सबब बापू जिवंत.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि उत्कर्षा हसलीही होती. मग एका संध्याकाळी एसटीत शिवराजनं तिला आपल्या वडिलांचं सांगितलं. दत्तात्रय, आजीचा एकुलता एक. कोरोनात गेले. दवाखान्यातून थेट नेलं, प्लास्टिकात गुंडाळून. तोंड कुणाला बघायला मिळालं नाही. आजी मानायलाच तयार नव्हती. दुसऱ्या कुणाला तरी गुंडाळलं असंल, माझा दत्तू येतोय, म्हणून रोज त्याच्या नावाची भाकरी झाकून ठेवायची. दहाव्याला पिंड खाली टेकायच्या आत कावळा शिवला. आजीनं त्या कावळ्याला हात जोडले आणि मग पहिल्यांदा रडली. त्या दिवसापासून भाकरी बंद झाली.

त्यानंतर उत्कर्षा कावळ्यावर कधी हसली नाही. पण हे तिला ठाऊक आहे हे घरात कुणाला ठाऊक असून चालणार नव्हतं.

आणि मामानं मुलगी बघायचा मुहूर्त काढला तो नेमका दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाचा दिवस. सहा वाजता भाग येणार, चार वाजता पाहुणे.

“त्या मालिकेचं नाव काढायचं न्हाई,” वैजयंतीबाईंनी सकाळीच दम भरला. “दुकानाच्या गादीची शपथ घ्या.”

“मी काय कुक्कुलं बाळ हाय का?” असं म्हणत आबासाहेबांनी शपथ घेतली. मग विचारलं, “साडेपाचला जातील न्हवं ती?”

पाहुणे, म्हणजे शिवराज आणि त्याची आजी, आले पाच वाजता; मामा दुसऱ्या एका स्थळाच्या मागे गेला होता. बैठकीत शिवराज आणि उत्कर्षा एकमेकांकडे इतक्या परकेपणानं बघत होते, की नाटकातही कुणी बघत नसेल. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा झाला. वच्छलाबाई नऊवारीत ताठ बसल्या होत्या.

“भाकरी येती का गं?”

“येते. पण गोल होत नाही,” उत्कर्षानं खरं ते सांगितलं.

“पोटात गेल्यावर कुनाची गोल ऱ्हाती?” म्हातारी म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

आबासाहेबही घड्याळाकडेच बघत होते. पावणेसहा झाले तशी वच्छलाबाईंची चुळबूळ वाढली. आबासाहेब मांडी बदलू लागले. वैजयंतीबाईंचा चेहरा उतरत चालला. पाहुण्यांना उठायची घाई झाली म्हणजे मुलगी पसंत नाही, हे सांगायला जोशी लागत नाही. आणि यजमान घड्याळ बघतोय म्हणजे स्थळ पसंत नाही, असा अर्थ कुणीही पाहुण्यानं काढला असता. खरी गोष्ट फक्त उत्कर्षाला आणि शिवराजला दिसत होती.

शेवटी म्हातारीलाच राहवलं नाही. “पाव्हणं, राग मानू नगा. तुमच्या टीवीत ती नेटवरची मालिका लागती का? आज शेवट हाय. घरी जाईस्तवर दम निघायचा न्हाई.”

आबासाहेबांचा चेहरा असा उजळला, की पोरगी झाली तेव्हाही उजळला नसेल. “मावशी! तुमी बघता?”

गादीची शपथ गादीपाशीच राहिली. रिमोट आला, खुर्च्या फिरल्या, वैजयंतीबाईंनी कपाळावर हात मारला. सुरुवातीला सगळं गुळपीठ होतं. पडद्यावर माणसं झाडाची मुळं चावत होती आणि दोघांचंही त्यावर एकमत झालं.

“कडक भाकरी करून ठिवायला काय झालं हुतं ह्यास्नी? दोन-दोन म्हैनं टिकती.”

“आन् वर शेंगाची चटणी! मावशी, जग बुडूद्या न्हाईतर जळूद्या, सोलापूरकर काय उपाशी मरत न्हाई.”

उत्कर्षाला वाटलं, निभावलं. तेवढ्यात पडद्यावर बापूचा पोरगा पुन्हा पिंड घेऊन धरणाच्या भिंतीवर गेला आणि वच्छलाबाई म्हणाल्या, “बगा आता. शिवायचा न्हाई. बापू जिता हाय. त्या यूट्यूबवरच्या मुडद्या कापडवाल्याला कोन सांगणार?”

शिवराजनं डोळे मिटले.

“कापडवाला मीच हाय,” आबासाहेब म्हणाले. त्यांनी रिमोटनं पडदा थांबवला. “आन् तो कावळेवाला तुमी व्हय?”

दोघांनी एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. वर्षभराचं भांडण होतं, आणि आता मध्ये शिव्या गाळायला नातू नव्हता. आबासाहेबांनी फाटलेली कड सांगितली. म्हातारीनं ती उडवून लावली. “घाईत मानूस कात्री कुटं धुंडतं? तोंड दावलं का तोंड? तोंड न्हाई, कावळा न्हाई, आन् म्हनं मेला!”

“अवो मावशी, पक्षीच मेल्यात त्यांच्या जगात! कावळा येनार कुठनं?”

“शिवायचं असलं की येतोय.”

आबासाहेब वादात तापले की त्यांना समोरचं माणूस दिसत नसे, फक्त मुद्दा दिसे. “कावळ्याचं काय घिऊन बसला! त्याला भूक लागली की त्यो शिवतो, पोट भरलं असलं की शिवत न्हाई. भाताचा गोळा दिसला, मारली चोच. त्याला काय कळतंय कोन मेलं आन् कोन—”

“आबा, बास!”

उत्कर्षा उभी राहिली होती. आपण उभ्या आहोत हे तिला नंतर कळलं. म्हातारीचा हात पदराच्या टोकावर घट्ट आवळला होता. तो हात पाहिल्यावर उत्कर्षाला अट, मामा, लग्न, काही आठवलं नाही. बापाचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की तो अजून एक वाक्य बोलेल आणि करमाळ्याच्या त्या घरात उद्यापासून पुन्हा भाकरी झाकली जाईल.

“त्यांच्या मुलाचं तोंड कुणी दाखवलं नव्हतं त्यांना. कोरोनात. कावळा शिवला म्हणून त्यांनी मानलं. तुम्ही कावळ्याबद्दल एक अक्षर बोलू नका.”

 आबासाहेबांनी हातातला रिमोट खाली ठेवला.

वच्छलाबाईंनी मान वळवून पोरीकडे पाहिलं. “तुला कुनी सांगितलं ह्ये?”

उत्कर्षानं शिवराजकडे पाहिलं. शिवराजनं रिकाम्या बशीकडे पाहिलं. वैजयंतीबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. “अगं बाई!”

“कवापासनं?” म्हातारीनं विचारलं.

“दोन वर्षं झाली, आजी,” उत्कर्षा म्हणाली.

“हं.” म्हातारीनं आधी नातवाकडे पाहिलं, मग पोरीकडे. “दत्तूच्या कावळ्याचं ह्यो माझ्याशीबी कदी बोलला न्हाई. तुज्याजवळ बोलला.” मग पदर सोडून तिनं तो मांडीवर सारखा केला. “लावा फुडं. एवढं आलोय तर शेवट बगून जाऊ.”

‘बगून जाऊ’ म्हणजे नकारच, असं समजून उत्कर्षा खाली बसली. आबासाहेबांनी रिमोट दाबला.  पडद्यावर पोरगा पिंड ठेवून मागं सरला. ओसाड धरण, वारा, राखेचं आभाळ. आणि त्या आभाळात एक काळा ठिपका. दोन सीझनमध्ये पहिला पक्षी. कावळा भिंतीवर उतरला, तुरुतुरु पिंडाजवळ गेला, मान वाकडी केली, खाली वाकला, आणि पडदा काळा झाला. पाटी आली, तिसरा सीझन लवकरच.

“अरे तुमच्या तर!” एवढी एकच गोष्ट पाचही जण एका सुरात बोलले.

मग आबासाहेबांनी घसा खाकरला. त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य निघायला फार कष्ट पडत होते, ते दिसत होतं. “मावशी, तुमचंच खरं. कावळा शिवला न्हाई. बापू जिता हाय. कड असंल फाटली कशानं तरी.”

बापाला हरताना उत्कर्षा पहिल्यांदा बघत होती. 

वच्छलाबाईंनी मात्र त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भाजीवाल्यानं किडकं वांगं पुढं केलंय. “डोळं हायती का बटणं? शिवला की! चोच लागली, मी बगितली. मेला बापू.”

“अवो पन तुमीच म्हनत हुता...”

“म्हनत हुते. कावळा आला न्हवता तवर म्हनत हुते. आता आला. मेला.” म्हातारीनं बापू सोडला, पण कावळा सोडला नाही.

 शेवटी वैजयंतीबाईंनी भीत भीत विचारलं, “मावशी, मग आमच्या उत्कर्षाचं...”

“पोरगी ठीक हाय. बापाला तोंडावर गप करती, मला लई आवडलं. पन ह्या मानसाशी सोयरीक म्हंजी जलमभराचा वाद हाय बगा.”

“त्यांचं मी बघते,” वैजयंतीबाई घाईघाईनं म्हणाल्या. “तुमच्यासमोर एक शब्द बोलणार नाहीत. मी शपथ घालते.”

“शपथ नगा घालू.” म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “दत्तू लई भांडायचा माझ्याशी. मीठ कमी पडलं तरी भांडायचा, पाऊस कवा येनार ह्यावर भांडायचा. त्यो गेल्यापासनं घरात समदी माझं ऐकत्यात. मी काय बी बोलू द्या, नुसती ‘व्हय आजी, व्हय आजी’.”

“व्हय आजी,” शिवराज सवयीनं म्हणाला.

कुणी हसलं नाही.  मग आबासाहेबांनी चष्मा धोतराला पुसला, खुर्ची म्हातारीच्या खुर्चीजवळ ओढली, रिमोट उचलला आणि कावळा भिंतीवर उतरतो तिथपर्यंत पडदा मागे नेला.

“मावशी, आता नीट बगा,” ते म्हणाले. “शिवला न्हाई.”