शीड चढवताना

शंभर वर्षं जुनं शिडाचं जहाज, तासाभराची फेरी आणि माझ्या कडेवर तीन महिन्यांची बबडी. तिकिटं धाकट्या नणंदेनं काढली होती. "वहिनी, घरात बसून बसून बुरशी धरेल तुला," म्हणाली.

मी निघाले. नाही म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं, आणि बाळ झाल्यापासून मला काही वाटतच नव्हतं. पाजत होते, ढेकर काढत होते, थोपटत होते. शेजारणीचं लेकरू सांभाळावं तसं, अगदी नीट. हे कळलं तर घरचे मला आई म्हणतील का, एवढी एक भीती मात्र वाटायची. म्हणून गप्प होते.

बंदराबाहेर इंजिन बंद झालं. दाढीवाल्या खलाशानं प्रवाशांना दोराशी रांगेत उभं केलं. "मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. सोडलंत तर शीड खाली, आणि कप्तानाच्या शिव्या मला."

"बबडीला दे इकडे," नणंद म्हणाली. "जा, गाळ जरा घाम. दादाला फोटो पाठवते, चक्कर येईल त्याला."

ओढलं. पुन्हा ओढलं. तपकिरी शीड सरकत वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, जहाज एका अंगाला कललं. खलाशानं दोर खुंट्याला गुंडाळला. माणसं हसत पांगली.

"ताई, सोडा आता. बांधलाय."

ऐकू येत होतं, पण मुठी उघडत नव्हत्या. मागे बबडी रडायला लागली आणि माझा कुडता छातीवर ओला झाला. अंगाला कळत होतं, मला नाही. खलाशानं हळूच माझी बोटं सोडवली. तळवे सोलले होते.

"अगं, हात बघ तुझे," नणंद जवळ आली. "भूक लागलीय हिला. घेतेस ना?"

"मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही," मी म्हटलं. "जन्मली तेव्हापासून."

आता ही बाळाला घेऊन मागे सरणार, मी वाट बघत राहिले.

"दादाला माहितीये?"

"कुणालाच नाही."

ती मला फळीवर घेऊन बसली. बबडीला माझ्या मांडीवर ठेवलं, भार मात्र स्वतःच्या हातांवर घेतला. "पाज. वाटलं नाही तरी पाज. उद्या डॉक्टरांना हेच सांगायचं, अस्संच. मी येते. दादाशी कोण बोलणार, तू की मी?"

"तू."

"बरं."

बबडी प्यायला लागली. जहाज धक्क्याला लागेपर्यंत नणंदेनं हात काढले नाहीत.