व्हर्नच्या नावाचं इंजिन

वरांबा व्हॅली रेल ही कंपनी आपल्या माणसांना कधीच विसरत नाही. व्हर्न ट्रेगेंझाला कामावरून काढलं त्या पत्रात तर तिने त्याचं आडनावसुद्धा अचूक लिहिलं होतं.

सरकारने गहू वाहून नेणारा हा रेल्वेमार्ग विकला, कंपनीने घेतला. आधी स्टेशनमास्तर गेला, मग रूळ तपासणारी टोळी गेली, मग डबे रंगवले. कंपनीचा इतिहास एवढाच. एका उन्हाळ्यात व्हर्नने गव्हाने भरलेली गाडी माळावर थांबवली. म्हणाला, "रुळांखालचे लाकडी स्लीपर केकसारखे भुसभुशीत झालेत. पुढे नेणार नाही." कंपनीने स्लीपर ठेवले, व्हर्नला बदललं.

आता व्हर्न वारला होता आणि इंजिनाला त्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. त्याच्या बायकोने, नोर्माने, फोनवर दोनदा 'नाही' सांगितलं. कंपनीने तिच्या भावनांची नोंद घेतली आणि इंजिनावर पितळी पाटी बसवली.

समारंभाला स्कोन नावाचे छोटे पाव होते, लोणी-मुरंबा होता, मॅनेजर ब्रेट होता. त्याचं भाषण 'सुरक्षितता हाच आमचा वारसा' इथवर आलं तेव्हा नोर्मा पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून शिडीवर चढली.

"नोर्मा, अहो, हा सन्मान आहे!"

"मग तुझ्या बापाचं नाव लाव. त्याने जन्मात काही थांबवलं नाही. सुरूच कुठे केलं होतं म्हणा!"

लोक हसले. ब्रेटही हसला, कारण वार्ताहर फोटो काढत होता.

"खाली या हो, पडाल!"

"तुझ्या रुळांवरून पडण्यापेक्षा बरं."

तीन स्क्रू निघाले. चौथा हलेना. नोर्माचे डोळे रागाने भरून आले होते, आणि ते कुणाला दिसलेलं तिला चाललं नसतं.

"लोणी लाव गं!" शेजारीण डॉट खालून ओरडली आणि तिने स्कोनच्या टेबलावरची लोण्याची वाटीच वर केली.

लोण्याने काम केलं. पाटी पिशवीत घालून नोर्मा खाली उतरली.

"बरं, आता इंजिन चालवून तरी दाखवा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "निदान गव्हाच्या कोठारापर्यंत, त्या सायलोपर्यंत."

ब्रेट आपल्या बुटांकडे पाहू लागला. "या रुळांवर... आजच्या दिवशी नको."

दुपारी इंजिन परत गेलं. आलं होतं तसंच, लॉरीवर.