कपाळाला टेकलेला हात

बोटीवरून सुट्टीवर आलेल्या आनंदने उंबरठ्यातच आईचा हात उचलला आणि आपल्या कपाळाला टेकवला. मनुबाईच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. कोलशेतच्या कोळीवाड्यात लोक पाया पडतात. हे कुठलं खूळ?

विचारायची सोय नव्हती. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन वाढवलेला एकुलता एक पोर. तिकडे कुणी बाई केलीस का, असं विचारलं आणि 'हो' म्हणाला तर? तेव्हा बाईने नुसते डोळे उघडे ठेवले. पोरगा सुकटीवर व्हिनिगर शिंपडून खात होता. शेजारच्या काळुरामच्या लक्ष्मीचं स्थळ काढलं की 'बघू' म्हणत होता. 'बघू' म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिला बाजाराने शिकवलं होतं.

रविवारी त्याने भाड्याचा व्हिडिओ आणून बॅगेतली कॅसेट लावली. फिलिपिन्सचा पिक्चर आहे, बोटीवरच्या दोस्ताने दिला, म्हणाला. मनुबाईला वाटलं, आता हिरॉइन दाखवून म्हणेल, अशीच एक आहे. पण छे! ना गाणी, ना मारामारी. खाडीकाठचं बांबूचं घर, मासे सुकवणारी आई, कामाला परगावी गेलेला बाप आणि त्याची वाट बघत भांडणारी दोन भावंडं. बघायला आलेला काळुराम कंटाळून उठून गेला. हिने मात्र पापणी हलवली नाही. एवढ्यात थोरला शाळेतून आला, मासे साफ करणाऱ्या आजीचा हात घेऊन त्याने कपाळाला टेकवला आणि जेवायला बसला.

मनुबाईने वळून पाहिलं. आनंद पिक्चर बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"तिथं कोनाच्या आयेचा हात धरतंस तू?"

"रोसाच्या," तो खाली बघत म्हणाला. "पोरगी पन हाय, आये. चालाया लागली."

तिला भयंकर राग आला. लग्न चोरून, नातही चोरून! त्यानंतर ती त्याला जेवायला वाढायची, पण बोलत नव्हती.

निघायच्या दिवशी तिने त्याच्या बॅगेतून कॅसेट काढून घेतली आणि तिथे सुक्या बोंबलांची पिशवी कोंबली.

"व्हिडिओ कुठं हाय आपल्याकडं?" त्याने विचारलं.

"नसू दे."

तो पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले, तसा त्याचा चेहरा पडला. मनुबाईने मासळीचा हात पदराला पुसला आणि त्याच्या कपाळासमोर धरला.