अकरा दिवसांनी मोठी

मित्रांनो, दारामागे झाडू आणि छत्री यांच्या मधोमध जी उभी आहे ना, ती मी. जुनी लाकडी कुबडी. माझ्या वरच्या आडव्या दांडीवर निळ्या कापडाची गादी आहे, ती आता मधोमध विरून पांढरी पडली आहे. खालची रबरी टोपी सातवी. आधीच्या सहा टोप्या या घरातल्या बाबांनी झिजवल्या. हे सांगताना माझा ऊर भरून येतो, आणि पोटात थोडं जळतंही. का, ते सांगते.

लष्करी इस्पितळातल्या एका सुताराने मला घडवलं. तो बोलका नव्हता, पण त्याचे हात जपून चालायचे. बाबांना खाटेच्या कडेला उभं करून त्याने काखेपासून जमिनीपर्यंत दोरीने माप घेतलं आणि दोरीला गाठ मारली. बाबा सैनिक होते. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर भार टाकला तेव्हा मी कुरकुरले.

"घाबरू नका," सुतार म्हणाला, "कुरकुर करील, पण मोडणार नाही."

आम्ही घरी आलो तेव्हा बाबांची थोरली मुलगी चौदा वर्षांची होती आणि धाकटी आठ. आई शाळेच्या भटारखान्यात कामाला जायची, म्हणून बाबांचं सगळं थोरली बघायची. बाबांच्या काखेत घट्टे पडले, तेव्हा तिने आपला जुना फ्रॉक कापून माझी ही गादी शिवली. इस्पितळाने दिलेला पहिला कृत्रिम पाय जखम करायचा, तो परत गेला. मग काय, मीच बाबांचा पाय. जिन्यावर मी, बाजारात मी, न्हाणीघराच्या दारापर्यंत मी.

जखमी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करत असे. पण नियम असा, की अपंगत्व निदान पन्नास टक्के हवं. बाबांच्या दाखल्यावर चाळीस लिहिलं होतं. मला टक्के कळत नाहीत. गुडघ्याखाली पाय मात्र उरलाच नव्हता, एवढं मला ठाऊक होतं.

थोरलीला गुराढोरांची डॉक्टर व्हायचं होतं. रस्त्यावरचं लंगडं कुत्रंही तिच्याकडे निमूट पाय द्यायचं. अठराव्या वर्षी तिला कॉलेजात जागा मिळाली. त्याच सुमारास डॉक्टर बाबांना म्हणाले, "तुमचा खुबाही कामातून चाललाय. पुन्हा तपासणी करून घ्या. नक्की पन्नासच्या वर जाल. मुलींचं भलं होईल."

बाबा मला घेऊन तपासणी मंडळाच्या फाटकापर्यंत गेले. आत माणसांची रांग होती. कुणाला हात नव्हता, कुणाला डोळा. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"चाळीसच बरे," ते पुटपुटले. "आणखी मोडलोय म्हणून कागदावर कशाला लिहून घ्यायचं?"

आणि आम्ही माघारी फिरलो. घरी ते म्हणाले, "तपासलं त्यांनी. काही फरक नाही म्हणाले."

मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला. त्या मंडळाकडून नवे पाय मिळतात हे मी रांगेतल्या बोलण्यातून ऐकलं होतं. नवा पाय आला असता तर माझं काय? परतीच्या वाटेवर फरशीवर माझा आवाज जरा जास्तच ठसक्यात वाजला. थोरलीचं काय, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

थोरली रडली नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली. नातेवाईक म्हणायचे, "पोरगी किती समजूतदार!" ती हसायची आणि उठून आत जायची.

अशी सात वर्षं गेली. मग एका सकाळी बाबांना खाटेवरून उठताच येईना. आईने त्यांचं काही ऐकून घेतलं नाही, रिक्षात घालून सरळ तपासणीला नेलं. साठ टक्के ठरले. नवा पाय मिळाला.

काय सांगू त्या पायाचा थाट! त्याला मऊ मोजा, त्याला पावडर, ठेवायला खाटेशेजारी वेगळं स्टूल. धाकटी रोज त्याला ओल्या फडक्याने पुसायची. मी दारामागे गेले. तो मोडावा, त्याचा खिळा निखळावा, असं मी दिवसातून दहादा म्हणत असे.

थोड्याच दिवसांत पत्र आलं. धाकटीने ते मोठ्याने वाचलं. दोन्ही मुलींच्या शिक्षणाचा खर्च मिळू शकेल, मात्र या पत्राच्या तारखेला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

त्या तारखेला थोरलीला पंचवीस पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते.

"आपली थोरली समजून घेईल," आई म्हणाली.

धाकटी एकोणीस वर्षांची. तिला काय शिकायचं, हेच ठरत नव्हतं. एक दिवस नकाशे काढायला शिकते म्हणायची, दुसऱ्या दिवशी फोटो. थोरली ताट वाढता वाढता ऐकायची आणि तिच्या हातातला डाव भांड्यावर जोरात आपटायचा. तो आवाज माझ्या ओळखीचा झाला. आम्ही दोघी एकाच आगीत जळत होतो.

अखेर नकाशे ठरले. धाकटीने फॉर्म भरला, बाबांनी सही केली. फॉर्म द्यायची कचेरी थोरलीच्या दुकानाजवळ, म्हणून लिफाफा तिच्याकडे दिला. संध्याकाळी ती म्हणाली, "दिला."

पण दिला नव्हता. माझ्या डोक्यावरच्या भिंतीतल्या खुंटीला एक जुना कोट टांगलेला असतो. त्याच्या आतल्या खिशात तिने तो लिफाफा सरकवलेला मी पाहिला. मला बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

फॉर्म मिळाल्याची पोच टपालाने येईना. धाकटी रोज टपालवाल्याची वाट बघू लागली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी बाबा म्हणाले, "मीच जाऊन विचारतो." नव्या पायाने त्यांच्या कातडीला फोड आणला होता, म्हणून त्यांनी मला उचललं. मी हरखून गेले!

"थांबा, मी येते," थोरली म्हणाली. खुंटीवरच्या कोटात हात घालून तिने काहीतरी पर्समध्ये टाकलं.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी वही चाळली. "नाही आलेला, काका. आणि आज बंद होतंय हं."

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. तिने पर्स उघडली आणि लिफाफा खिडकीत ठेवला.

"माझ्याकडेच होता," ती म्हणाली. "मुद्दाम ठेवला होता."

बाईंनी एकदा दोघांकडे पाहिलं, काही न विचारता शिक्का मारला आणि लिफाफा आत घेतला. थोरली बाकावर बसली.

"बोला ना बाबा. रागवा. मला तिचं बघवत नाही. अकरा दिवस, बाबा! अकरा दिवसांनी मी मोठी झाले."

बाबा माझ्यावर दोन्ही हात टेकून उभे होते. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला.

"अकरा दिवस नाही," ते म्हणाले. "सात वर्षं. तू अठराची होतीस तेव्हा मी तपासणीला गेलोच नव्हतो. फाटकातून परत आलो. लाज वाटली मला. तुझ्याशी खोटं बोललो."

थोरली उठली आणि एकटीच निघून गेली.

पुढे महिनाभर ती बाबांशी बोलली नाही. बाबांनी कचेरीला अर्ज लिहिला, "चूक माझी आहे, मुलीला तिची शिक्षा नको." उत्तर तीन ओळींचं आलं. नियमात बसत नाही. बाबांनी ते स्वतः तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "तुम्ही लिहिलंत तरी." तेवढंच, पण बोलली.

धाकटी कॉलेजला निघाली, तेव्हा थोरलीने दारातच तिला सगळं सांगून टाकलं. "तुझा फॉर्म मी या कोटात लपवला होता. मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो."

धाकटीच्या हातातली बॅग खाली पडली. रागाने तिचे कान लाल झाले. ती म्हणाली, "वाटू दे, ताई. पण मला सांगत जा. कोटाला नको सांगूस."

दोघी हसल्या, मग दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता सुट्टीच्या दिवशी थोरली जनावरांच्या दवाखान्यात मदतीला जाते. डॉक्टर ती झाली नाही आणि होणारही नाही. मला त्या पायाचा राग अजून येतो, पण त्याचा खिळा निखळावा असं आता म्हणत नाही. बाबा पडतील ना.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या वाट्याला काही आलं नाही आणि जो गप्प राहिला. त्याला समजूतदार म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि तुला काय हवं होतं, ते विचारा. द्यायला काही नसलं तरी विचारा.